काउंटी म्हणजे आपला जिल्हा नव्हे

रविवारच्या पुरवणीतील लॉस एंजेलिस काउंटीवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे. मात्र काउंटीला सरसकट ‘जिल्हा’ म्हटल्याने वाचकाची गल्लत होते. आपला जिल्हाधिकारी राज्य शासन नेमते. तिथे कारभार निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे आहे आणि शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), मुख्य सरकारी वकील, इतकेच काय, मालमत्तेचे मूल्य ठरवणारा अधिकारीही मतदारच निवडतात. १८५० साली स्थापन झालेल्या या काउंटीत ८८ शहरे आहेत, तरीही सुमारे दहा लाख लोक यांपैकी एकाही शहराच्या हद्दीत राहत नाहीत. त्यांची महापालिका म्हणजे काउंटीच. लेखात याचा उल्लेखही नाही.

लेखात या पाच जणांच्या ‘आटोपशीर मंडळा’चे केलेले कौतुकही पटले नाही. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या एक कोटीवर गेली, म्हणजे एका सदस्यामागे वीस लाख माणसे! आपल्याकडे खासदाराचा मतदारसंघही साधारण एवढाच असतो, पण त्याला या मंडळासारखी रुग्णालये चालवावी लागत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनीच हे मंडळ नऊ जणांचे करण्याच्या बाजूने कौल दिला.

– एक वाचक, सांगली