जागतिक हृदय दिनी व्याख्यान

सभासदांना नमस्कार,

२९ सप्टेंबरला सायंकाळी ५ वाजता दांडिया बाजारातल्या आपल्या सभागृहात रक्तवाहिन्यांच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापिकाबाईंचं व्याख्यान आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात सुरू झालेल्या पाहणीतून रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध कसा उलगडत गेला, हे त्या सांगतील.

चालताना पोटरीत गोळे येतात नि थांबलं की बरं वाटतं, अशांनी नक्की यावं. दर वेळी ते वयामुळेच असतं असं नाही. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचीही ती खूण असू शकते.

- नावं २५ तारखेपर्यंत द्या.
- तपासणी होणार नाही, रिपोर्ट आणू नका. प्रश्न लिहून आणा.
- छातीत दुखलं तर व्याख्यानाची वाट न पाहता लगेच १०८ ला फोन करा.

– चिटणीस