सईला, वाईहून आल्यावर

चि. सई, अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी वाईहून सांगलीला पोचलो. आपल्या घरात पाहुणे उतरवायच्या तुझ्या बेतावर फोनवर बोलायला गेलं की मी चढते आणि तू गप्प होतेस, परवा झालं तसंच, म्हणून लिहून पाठवते. शेवटपर्यंत वाच.

तू बुक करून दिलेला वाडा फार आवडला गं. काळ्या दगडाचं जोतं, वर मातीच्या जाड भिंती, ओसरीला सागाचे खांब. मालकीणबाई म्हणाल्या भिंतींना चुन्याचाच गिलावा ठेवलाय, सिमेंट मारलं की मातीतली ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरते. बाबांनी लगेच माझ्याकडे बघितलं, आपलं माजघर आठवून, आप्पांनी हौसेने सिमेंट करून घेतलेलं. सकाळी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. आपल्या घराचं असं होऊ शकतं हे मला दिसलं, ते नाही म्हणत नाही.

पण रात्री बाईंनी दार लावताना भिंतीतनं अडसर ओढला, मनगटाएवढा जाड, आणि मला तूच दिसलीस. दार बंद करून तू आत, आणि आतच चार अनोळखी माणसं. त्यांचा मुलगा-सून खालच्या खोलीत झोपतात. तू एकटी असणार. मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, घाट, आणि ती घंटा, १७३९ ला वसई जिंकल्यावर तिकडून आणलेली, तिच्यावर १७०७ साल आहे. सहावीच्या सहलीत तू तिथेच घंटेचं चित्र काढत बसलीस आणि गाडी सुटायची वेळ झाली तरी तुझा पत्ता नव्हता. शाळेतल्या बाईंनी नंतर सांगितलं तेव्हा माझे हातपाय गळाले होते. चित्र अजून कपाटात आहे, घंटेवरची मेरी आणि बाळसुद्धा काढलंयस.

२०१९ चा पूर आठव. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आपल्या जिन्याच्या पाच पायऱ्या बुडाल्या, माडीवरनं आजीला बोटीत उतरवलं. तेव्हा घरात चार माणसं होती म्हणून जमलं. पाहुणे असताना असं झालं तर तू एकटीने काय काय बघणार?

तेव्हा निवास-न्याहारीची नोंदणी आधी कर, येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र घे, नोकरी लगेच सोडू नकोस, मागच्या आळीतल्या काकूंना रात्री सोबतीला... बघ, परत भाषण सुरू झालं. चुकलं माझं. परवा 'तुला काय कळतंय' म्हणाले तेही चुकलंच, तीन दिवस मनात टोचतंय.

तू पाठवलेला खर्चाचा हिशोब बाबांनी घडी करून पाकिटात ठेवलाय. वाईला मालकीणबाईंना काढून दाखवला, आमच्या मुलीने केलाय म्हणाले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या गळतीचे पैसे यात कमी धरलेत, बाकी बरोबर आहे.

आपल्या मागच्या दाराचा अडसर वाळवीने खाल्लाय. सुताराला बोलावून सागाचा नवा करून घेते, तू काही ठरव नाहीतर नको ठरवू, तो हवाच. शनिवारी कितीच्या गाडीने येतेस ते कळव.

तुझी,
आई