मागच्या सीटचा पट्टा

‘मागच्या सीटवर पट्ट्याची सक्ती म्हणजे निव्वळ दंडवसुली’ असा सूर लावणारे वाचकपत्र वाचले. ते पटले नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. गाडी थांबली तरी आतले शरीर त्याच वेगाने पुढे जाते आणि पुढच्या माणसावरही आदळते. दंड हजार रुपयांचाच आहे. पण आपल्याकडे मागच्या पट्ट्याचे बक्कल हौसेने बसवलेल्या सीटकव्हरखाली गाडलेले असते. आधी ते वर काढावे, मग वसुलीबद्दल बोलावे.

– एक वाचक, ठाणे