तिसरा उद्गार

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबा, परवा मृत्युपत्राचं नाव काढल्याबरोबर तुम्ही "कसलं अभद्र बोलतेस" म्हणून फोन आईकडे दिलात, आणि आईने नळाला पाणी आलंय सांगून ठेवून दिला. म्हणून लिहितेय. पत्राला निदान नळाचं कारण चालत नाही.

आधी सांगते, मला काही झालेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे, वजनाचा काटा तर पुढेच पळतोय. झालं ते एवढंच की फ्लॅटचं कर्ज फिटलं, बँकेतून मूळ कागद सोडवून आणले, आणि ओळखीच्या वकीलबाईंनी विचारलं, "तुमच्यामागे हे कोणाला?" मी म्हटलं, आई-बाबांना, निम्मं निम्मं. त्या म्हणाल्या, आपोआप तसं होत नाही. आपण ख्रिस्ती, आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू. त्यातलं कलम ४२ म्हणतं, नवरा-बायको, मूलबाळ नसलेलं माणूस मृत्युपत्र न करता गेलं आणि वडील हयात असले, तर सगळं वडिलांचं. आईला काहीच नाही. वडील नसतील तर आईला मिळतं, पण तेही भावंडांच्या बरोबरीने एक वाटा. २०१४ साली विधी आयोगाने २४७ वा अहवाल खास याच कलमांवर दिला, बदल सुचवला. वकीलबाई म्हणाल्या, कलम आहे तिथेच आहे. आपल्या शेजारच्या काकूंचं बघा, हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासून मुलाच्या मालमत्तेत आई पहिल्या वर्गाची वारस, वडील दुसऱ्या. आणि आपण मात्र प्रभूच्या आईची, मरियेची गाणी गाणारे!

आई, या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यात तुझ्या पाटल्या गेल्यात. त्याआधी माझ्या कॉलेजची फी फॉल-पिकोच्या पैशांतून गेली. लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालायचं. सुईत दोरा ओवायला मला उठवायचीस, कारण तुझा नंबर वाढला होता आणि चष्म्याला "पुढच्या महिन्यात बघू". त्या घरावर कायद्याने तुझा एक पैशाचा हक्क नाही, हे मला त्या खुर्चीत बसून ऐकावं लागलं.

मातृदिनाच्या रविवारी आपल्या चर्चमध्ये बायबलातल्या नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय वाचतात. मग गुलाब. मग प्रीतिभोजन, आणि ज्यांना गुलाब दिले त्याच मागच्या पडवीत पातेली घासतात. वाचनही बहुधा दहाव्या वचनापासून, सद्गुणी स्त्री कोणाला मिळते इथून. वर पहिल्याच वचनात लिहिलंय की ही लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली शिकवण. राजाला शिकवणारी बाईच वाचनातून गळते. पुढे ती स्त्री शेत बघते आणि विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. तिचा दिवा रात्री विझत नाही, हे वचन ऐकलं की मला आपलं मशीन आठवतं. शेवटचं वचन तर सरळ म्हणतं की तिच्या हातच्या कमाईतलं तिला द्या. यावर उपदेश ऐकल्याचं मला आठवत नाही. बाबा, तुम्ही चर्चचे पंच आहात, पुढच्या वेळी पाळकसाहेबांना सुचवून बघा.

वाटा मागणं ख्रिस्ती बाईला शोभत नाही, असं तुम्ही आत्यांच्या वेळी म्हणाला होतात. तिघींनी मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. मेव्हण्यांना जेवण झालं, बहिणींना साड्या. पण बायबलातल्या गणनाच्या पुस्तकात, २७ व्या अध्यायात, सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांचं वतन मागतात, आणि देव म्हणतो, त्यांचं बरोबर आहे. केरळात मेरी रॉय यांना हेच कोर्टात जाऊन मिळवावं लागलं. तिकडच्या १९१६ च्या त्रावणकोर कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने १९२५ चाच कायदा तिथेही लागू आहे असा निकाल दिला. म्हणजे मुलींच्या बाबतीत हा कायदा चांगला आहे, मुलगा-मुलगी सारखे. आपल्याकडे तो चांगुलपणा हक्कसोडीत जातो, एवढंच. आत्यांचं आता उकरून काढत नाही, पण विसरलेही नाही.

आता मुख्य गोष्ट. शुभ शुक्रवारच्या उपासनेत, प्रभूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांपैकी तिसरा उद्गार वर्षानुवर्षं तुमच्याकडे असतो. "बाई, पाहा, हा तुझा मुलगा." तुमचा आवाज तिथे दरवेळी भरून येतो. पण बाबा, तिथे प्रभू आईचं कौतुक करत नाही. खिळे ठोकलेल्या हातांनी तो तिची सोय लावतो. तिने कोणाच्या घरी राहायचं, कोणी सांभाळायचं, हे साक्षीदारांसमोर सांगतो, आणि त्याचा शिष्य योहान तिला त्याच वेळेपासून आपल्या घरी घेतो. प्रभू अविवाहित मुलगा होता. मी अविवाहित मुलगी आहे. मग मी वकिलाकडे गेले तर ते अभद्र कसं?

तर मृत्युपत्र झालंय. फ्लॅट आणि ठेवी तुम्हा दोघांना निम्म्या निम्म्या. साक्षीदार ऑफिसातले दोघे आहेत. तुमच्यापैकी कोणी साक्षीदार असतं तर त्याला ठेवलेलं रद्द झालं असतं, म्हणून तुम्हाला बोलावलं नाही. रुसू नका. प्रत कुरियरने येईल, ती शास्त्राच्या पेटीत नको, पावसात तिथे ओल येते. लोखंडी कपाटात ठेवा.

आई, तुझ्या आधारवर आणि पॅनवर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं आहे. दादाला सांगून या महिन्यात एकसारखं करून घे. स्वतःच्या नावाचं खातंही उघड, जॉइंट नको, एकटीचं.

बाबा, तुमच्या घराचंही बोलायचंय. नाताळला आले की बोलू. तेव्हा नळाला पाणी आलेलं चालणार नाही.

तुमची लेक