कात्लाचे शब्द

पुणे,
रविवार रात्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझा बसलेला आवाज ऐकला आणि पोटात कालवलं. सहा महिने गाणं बंद! फोन ठेवला आणि फिनट्रोल लावलं. हॉस्टेलवर एकाच इअरफोनची दोन टोकं कानात घालून ऐकायचो, तेच.

१९९७ साली हेलसिंकीत गिटारवादक सोम्निअम आणि गायक कात्ला यांनी हा बँड उभा केला. फिनलंडचा बँड, पण गाणी स्वीडिशमध्ये. कात्ला तिथल्या स्वीडिशभाषक घरातला, आणि ट्रोलांच्या, म्हणजे जंगलातल्या राक्षसांच्या, तोंडी ती भाषा शोभते असं त्यांना वाटलं. मला तर आता ती दुसऱ्या कुणाच्या तोंडी पटतच नाही.

आणि ती हुम्पा! तिकडचा दोन ठोक्यांचा जलद नाच. खाली बासचा ‘हुम्’, वर अकॉर्डियनचा ‘पा’. डाव्या हाताने हुम्, उजव्याने पा, असं टेबलावर वाजवून बघ आणि लय चढवत ने. त्यांच्यातल्या ट्रोलहॉर्नच्या की-बोर्डवर ती, खाली ब्लॅक मेटलच्या, म्हणजे भरधाव, कर्कश रॉकच्या, गिटारी, आणि वर कात्लाचा घशाच्या तळातून खरवडून काढलेला आवाज. २००१ चा ‘याक्तेन्स तीद’ अल्बम लाव, अंगावर काटा येतो आणि पाय नाचतात.

मग २००३ उजाडलं. जंगलातल्या एका लाकडी घरात त्यांनी जवळजवळ विजेच्या वाद्यांशिवाय एक अल्बम केला होता, ‘वीसोर ओम स्लूतेत’. शेवटाची गाणी. मार्चमध्ये सोम्निअम हेलसिंकीतल्या एका पुलावरून पडून वारला. त्याच वर्षी कात्लाला स्वरतंतूंवरच्या गाठीमुळे गाणं सोडावं लागलं. एका वर्षात बँड उभा करणारे दोघंही बँडला दुरावले, सुहास.

पण २००४ च्या ‘नात्फ्योद’वर गातोय नवा गायक विल्स्का आणि शब्द आहेत कात्लाचे! ‘ट्रोलहामारेन’ ज्याच्या त्याच्या तोंडी झालं ते याच अल्बममधलं. हे मला कळलं तेव्हा मी गाणं मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. पुढे २००६ मध्ये गायला व्रेथ आला, तो अजून आहे. २०२० मध्ये सात वर्षांनी नवा अल्बमही आला.

तुझ्या त्या पावसाळ्यातल्या चालीला अजून शब्द नाहीत. शनिवारी गिटार घेऊन येतो. तू बोलू नकोस, वही काढून ठेव. गाईन मी, जसं जमेल तसं.

तुझाच,
अव्या