'मी आणलेला डबा' इंग्रजीत कसा न्यायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीची परीक्षा जवळ आली की वर्तमानपत्रांतून इंग्रजीच्या सराव कृतिपत्रिका येऊ लागतात. आपल्याही पुरवणीत येतात. खेड्यापाड्यांतली मराठी माध्यमाची मुलं त्या कापून वहीत चिकटवतात, त्यांना त्यांचा मोठा आधार असतो. म्हणूनच त्यांतल्या एका प्रश्नाबद्दल कळकळीनं लिहिते आहे. 'हू, विच किंवा दॅट वापरून वाक्ये जोडा' हा तो प्रश्न. 'आय बॉट अ बुक. द बुक इज इंटरेस्टिंग.' यावर मुलांनी लिहायचं, 'द बुक विच आय बॉट इज इंटरेस्टिंग.' उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतात. पण इंग्रजी ज्यांच्या घरात बोललं जातं ती माणसं रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा नुसतं 'द बुक आय बॉट' म्हणतात. नाम झालं की लगेच 'आय', मध्ये काही नाही. हे आपल्या मुलांना कुणी सांगतच नाही.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर कराडला घरीच, नोकरीच्या मुलाखतींना जाणाऱ्या मुलामुलींना बोलायचं इंग्रजी शिकवते. नर्सिंग झालेल्या मुली येतात, डिप्लोमा झालेली मुलं येतात. व्याकरणाचे नियम यांना तोंडपाठ आहेत. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की मात्र घसा कोरडा पडतो. उंब्रजकडच्या एका मुलीनं मला सांगितलं, 'विच व्हिलेज आय लिव्ह, दॅट व्हिलेज इज निअर उंब्रज.' मनात तिनं 'मी ज्या गावात राहते ते गाव उंब्रजजवळ आहे' हे वाक्य चोख बांधलं होतं. 'विच' म्हणजे 'जे' आणि 'दॅट' म्हणजे 'ते' असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिनं शिकवलं तसंच केलं. यात तिला बोल लावण्यासारखं काहीही नाही.

मी तिला म्हटलं, ज्या-ते सगळं बाजूला ठेव. तिच्या पिशवीतला डबा टेबलावर होता. "हा कोणता डबा?" "मी आणलेला डबा, बाई." मग आम्ही कागदावर 'डबा' हा शब्द उचलून पुढे नेला आणि 'मी आणलेला' त्याच्यामागे ठेवलं. डबा, मी आणलेला. 'द टिफिन आय ब्रॉट.' ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, मधलं 'विच' कुठं गेलं?" मी म्हटलं, मराठीत तरी कुठं होतं? त्यानंतर तिला माझी गरज उरली नाही. 'द बस आय टुक', 'द फॉर्म आय फिल्ड', 'द डॉक्टर आय असिस्टेड' अशी एकामागून एक तिची तीच सांगत सुटली.

माझं म्हणणं एवढंच आहे. इंग्रजीतल्या या रचनेची किल्ली आपल्या मुलांच्या तोंडात आधीपासून आहे, आणि ती वापरायची सोडून आपण त्यांना 'जे-ते'च्या लांबच्या रस्त्यानं पाठवतो.

आता 'हू', 'विच', 'दॅट' हा जोडणारा दुवा कधी गाळता येतो आणि कधी नाही, तेही मराठीतूनच उलगडतं. 'मी मदत केलेले डॉक्टर' म्हणजे 'द डॉक्टर आय असिस्टेड'. 'मला शिकवणारे डॉक्टर' म्हणजे मात्र 'द डॉक्टर हू टॉट मी', आणि इथला 'हू' गाळून चालत नाही. पहिल्यात आतल्या वाक्याचा कर्ता 'मी' आहे. दुसऱ्यात कर्ता डॉक्टर आणि 'मी'चा 'मला' झालेला. इंग्रजीत 'आय' हे रूप कर्त्याचंच असतं, आपल्या 'मला'च्या जागी तिथं 'मी' (me) येतं. त्यामुळे नामाच्या पाठोपाठ 'आय' कानावर पडला की ऐकणाऱ्याला कळतं, नवं वाक्य सुरू झालं. सांगायला वेगळा शब्द लागत नाही. 'ही', 'शी', 'वी', 'दे' यांचंही तसंच. 'हू' गाळला तर 'द डॉक्टर टॉट मी' हे स्वतंत्र वाक्यच होऊन बसतं. मुलांना हे एकदा कळलं की पुन्हा विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

एका ठिकाणी मराठी पाठीशी उभी राहत नाही, तेही सांगायला हवं. आपण 'मी राहते ते गाव' म्हणतो, 'मी लिहिते ते पेन' म्हणतो, 'मी बोलले ती बाई' म्हणतो. गावात, पेनानं, बाईशी हे सगळे प्रत्यय आपण खुशाल सोडून देतो आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्रजीत दुवा गाळता येतो, शब्दयोगी अव्यय नाही. 'द व्हिलेज आय लिव्ह इन', 'द पेन आय राइट विथ', 'द वुमन आय स्पोक टु'. शेवटचे हे छोटे शब्द आमच्या मुलांकडून हमखास गळतात, आणि शिक्षक नुसतं 'इन' राहिला म्हणून लाल खूण करतात. का राहिला ते कुणी विचारत नाही.

दुसरी जागा याहून नाजूक. 'मी ऐकलेली बातमी' आणि 'मी पास झाल्याची बातमी' यांतला फरक पाचवीतलं पोरही जाणतं. 'ऐकलेली' म्हणजे कोणती बातमी ते कळतं, 'झाल्याची' म्हणजे बातमीत काय आहे ते. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'दॅट' येऊ शकतो, म्हणून मुलं गोंधळतात. 'द न्यूज आय हर्ड' असं दुव्यावाचून चालतं. 'द न्यूज दॅट आय पास्ड' यातला 'दॅट' मात्र ठेवावा. 'द फॅक्ट दॅट आय...' यातलाही. मोरो केशव दामल्यांनी 1911 साली आपलं मोठं मराठी व्याकरण लिहिलं. वाक्य वाक्यात कसं बसतं याचा इतका बारीक विचार आपल्या भाषेत झालेला असताना इंग्रजीच्या तासाला मराठी तोंडातून काढायची नाही, अशी शिस्त कशासाठी?

आणि ते 'नो सूनर... दॅन'! परीक्षेसाठी आमच्या पिढ्यान्पिढ्या ते घोकत आल्या. 'नो सूनर हॅड आय रीच्ड द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट.' येऊ दे, वाचताना समजायला हवंच. पण माणसं बोलताना 'ॲज सून ॲज आय रीच्ड' म्हणतात, किंवा 'द मोमेंट आय रीच्ड'. या दुसऱ्या रचनेत 'मोमेंट' हे नामच उभयान्वयी अव्ययाचं काम करतं. 'एव्हरी टाइम आय कॉल' म्हणजे मी फोन करते त्या त्या वेळी. 'बाय द टाइम आय रीच्ड' म्हणजे मी पोचेपर्यंत. 'द वे आय सी इट', 'द डे आय जॉइन्ड', 'द रीझन आय ॲम कॉलिंग' ही तर फोनवर काम करणाऱ्या मुलांची रोजची भाकरी. पुण्यात कॉल सेंटरला लागलेली माझी एक विद्यार्थिनी सांगते, हे तुकडे तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यातच कानावर पडले, शाळेत मात्र एकदाही नाही.

दुवा गाळणं म्हणजे गबाळी भाषा, असं मानणारे शिक्षक आजही आहेत. असल्या तक्रारी फार जुन्या. लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात 1711 साली 'हू' आणि 'विच' या शब्दांच्या नावानं एक विनंतीअर्ज छापून आला होता. 'दॅट' हा उपटसुंभ आमची जागा बळकावतो आहे, असं त्यांचं गाऱ्हाणं. प्रत्यक्षात या कामावर 'दॅट' आधीपासून होता, 'हू' आणि 'विच' मागून आले. पुढे डेन्मार्कचे मोठे व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी दुव्यावाचून नामाला चिकटणाऱ्या अशा वाक्यांना 'कॉन्टॅक्ट क्लॉज' हे नाव दिलं. काही तरी गळालंय असं न मानता त्यांनी ती स्वतंत्र, धडधाकट रचना मानली. त्यांच्या डॅनिश भाषेतही 'पुस्तक मी घेतलं' अशाच धर्तीची रचना चालते. मातृभाषेच्या अंगानं इंग्रजीकडे बघितलं तर इंग्रजी जास्त नीट दिसते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

औपचारिक लेखनात 'विच' लागतो. स्वल्पविराम देऊन जोडमाहिती सांगायची तिथं तो गाळताही येत नाही. ते शिकवायलाच हवं. पण आपल्याकडे 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलीला आपल्या गावाबद्दल एक वाक्य सरळ बोलता येऊ नये, हे मला बघवत नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पाठ्यपुस्तकं आणि प्रश्न तयार करणाऱ्यांनी 'जोडा'च्या प्रश्नाशेजारी 'मी आणलेला डबा', 'मी राहते ते घर', 'मी पास झाल्याची बातमी' असे मराठी तुकडे देऊन त्यांचं इंग्रजी विचारावं. आणि आपल्या पुरवणीत जिथं 'द बुक विच आय बॉट' हे उत्तर छापाल, तिथं त्याच ओळीत 'किंवा द बुक आय बॉट' एवढं वाढवावं. सोबत माझ्या वर्गात वापरते त्या वाक्यांचा कागद जोडला आहे. परीक्षेआधीच्या अंकात जागा झाली तर तो जरूर छापावा, माझं नाव घालण्याची गरज नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड (जि. सातारा)