मोडलेले बांध शोधतो आहोत, घरातले जुने कागद दाखवा

वडोदऱ्यातल्या मराठी मंडळींना सप्रेम नमस्कार.

पादरा, करजण, डभोईकडच्या शेतांचे जुने बांध भराभर सपाट होताहेत. कुठे जेसीबी लावून दोन शेतं एक केली, कुठे प्लॉट पडले, कुठे एक्स्प्रेस-वे गेला. ज्याची जमीन त्याने ठरवावं, त्यात आम्ही बोलणारे कोण! पण मोडलेला बांधही काही वर्षं ओळखता येतो. तेवढ्यात त्याची नोंद व्हावी म्हणून आमच्या मंडळाने या हिवाळ्यात ड्रोनने पाहणी करायचं ठरवलं आहे.

ऊन तिरपं असताना वीतभर उंचवट्याचीही लांब सावली पडते. बांध पुरता गेला असला, तरी चेपलेल्या मातीवरचा गहू लवकर पिवळा पडतो आणि बुजलेल्या चरावरचा हिरवा राहतो. शेतात उभं राहून काही कळत नाही, वरून मात्र सरळ रेघ दिसते. इंग्लंडमध्ये पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२०च्या दशकात विमानातून घेतलेल्या फोटोंवरून प्राचीन शेतांच्या हद्दी अशाच ओळखल्या. ताडून पाहायला अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांचे १९६० ते १९७२ या काळातले फोटोही आहेत. ते १९९५ साली खुले झाले.

आता खरी अडचण. गाडवाट, बुजवलेला पाट, पाइपलाइन, सगळ्यांच्याच रेघा उमटतात. त्यातली बांधाची कुठली?

गायकवाडीत आपल्यापैकी कित्येक घराण्यांना इनाम जमिनी होत्या. त्यांच्या सनदा, वाटणीपत्रं, खरेदीखतं अजून ट्रंकांत पडून असतील, बरीचशी मोडी लिपीत. त्यांतली चतुःसीमा आम्हाला हवी आहे: पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचं शेत, पश्चिमेस गावशीव. ओढा आणि शीव बहुधा आजही सापडतात. तिथून मोजत आलं की रेघेचा उलगडा होतो. मूळ कागद देऊ नका, मोबाइलवर फोटो काढू द्या. मोडी वाचणारे तर पैशांहून जास्त हवे आहेत. थोरांची वाड (निवडुंगाचं कुंपण) कुठून कुठवर होती हे आठवणाऱ्या आजी-आजोबांना आम्ही घरी येऊन भेटू.

पैसे बॅटऱ्या, हार्ड डिस्क आणि गाडीभाड्याला लागतील. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल. हरणी विमानतळाजवळ आम्ही उडवणार नाही. बाकी ठिकाणी ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथे उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही तिथे, १२० मीटरच्या आत. ड्रोनचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं कुणी असेल तर जरूर कळवा.

मालकाच्या होकाराशिवाय कुठल्याही शेतावर ड्रोन जाणार नाही. सर्व्हे नंबर आणि नावं छापणार नाही, आणि आमचा नकाशा हद्दीच्या भांडणात कुणाच्याही बाजूने वापरू देणार नाही. चार बोटं शेढ्यावरून (बांधावरून) भाऊबंदकी कशी पेटते, हे सांगायला नको.

रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात या. कागद जानेवारीअखेर हाती आले, तर गहू पिवळा पडायच्या आत कुठली शेतं आधी घ्यायची हे ठरवता येईल.